भिंतीकडे तोंड केलेलं पान
डांबरगोळ्यांचा वास आला की गिरगावातल्या आमच्या चाळीतलं ते झेंडावंदन आठवतं. पणजोबांचं वर्तमानपत्र इंग्रजांनी वर्षभरात बंद पाडलं, असं बाबा तिथे दर वर्षी सांगत. त्या वर्षी तळमजल्यावरच्या आजींनी ट्रंकेत जपलेला त्याचा शेवटचा अंक कौतुकाने आणून दिला. मी बाबांच्या खांद्यावरून वाचलं. पहिल्याच पानावर गव्हर्नरसाहेबांच्या कृपेबद्दल आभार मानून, वर्गणीदार नसल्याने पत्र बंद करत असल्याचं छापलं होतं. “वाचून दाखव ना रे सगळ्यांना,” आजी म्हणाल्या. “चष्मा घरी राहिला,” बाबा म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशातच होता. पुढे त्यांनी तो अंक फ्रेम करून घेतला, पहिलं पान आत ठेवून. परवा रंगकामानंतर मी फ्रेम परत टांगली. समोर अजून मागच्या पानावरची केसांच्या तेलाची जाहिरातच आहे.