विरोधी बाजू
वादविवाद स्पर्धेत टेबलावरची घंटी वाजली की मला पेणजवळच्या खारपाटातली, खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातली, आमची शाळा आठवते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी धरमतरच्या खाडीकाठी आमच्या शेतांवर एक कंपनी येणार होती आणि तिच्यासाठी पेणला जनसुनावणी ठरली होती. आम्हाला वादविवाद शिकवणाऱ्या सरांनी मग सुनावणीच्या तयारीसाठी रोज संध्याकाळी गावालाच वर्गात बसवलं. खिडकीतून खाडीचा खारट वारा यायचा, बाकांखाली चिखलाचे पाय असायचे आणि सर स्वतः कंपनी व्हायचे. "नोकऱ्या मिळतील, रस्ता होईल," असं ते इतकं पटवून सांगायचे, की माझी काकी उठून ओरडायची, "रस्त्याव भात लावू का? बांध फुटला तं खारं पानी काय तुमचा रस्ता अडवंल?" सर घंटी वाजवायचे, "काकी, मुद्दा पक्का आहे, आवाज जरा खाली." सुनावणीत काकी एकदाही अडखळली नाही. टाळ्या पडल्या. कंपनीचे साहेब उठले, हात जोडून म्हणाले, "काकी, तुमचं अगदी बरोबर आहे," आणि खाली बसले. अधिकारी म्हणाले, "नोंद घेतली." मग चहा आला. परतीच्या एसटीत काकीने विचारलं, "सर, आपून जिकलो ना?" सर कंडक्टरकडे वळून तिकिटं काढू लागले. पुढच्या पावसाळ्याआधी शेतांवर कंपनीचा भराव पडला. आता मी स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते. एखादी मुलगी तावातावाने बोलते, समोरचा मुलगा उसळून म्हणतो, "हे मला मुळीच मान्य नाही," आणि मला त्या मुलीचा हेवा वाटतो.