सावलीची खिडकी
भंडाऱ्याच्या पुलावर जलपर्णीचा कुजका वास आला की मला माझी एकमेव कलाकृती आठवते. आमच्या नदीपलीकडच्या गावातली जी मुलगी मला आवडायची, ती नागपूरला मामाकडे निघाली होती. तिथं तिला पाहायला मुलगा येणार होता. आदल्या संध्याकाळी म्हणाली, “तुले काही म्हणायचं असन तं आताच म्हण.” बोलण्यात मी जन्माचा कंगाल. म्हणालो, “उद्या पुलावरून खाली पाहजो.” मग पहाटेपासून वैनगंगेच्या रेतीवर खपलो. ओल्या गाळाचे दोन सारस, धानाच्या तणसाच्या चोची, डोक्यांवर पळसाची लाल फुलं आणि माना एकमेकांत गुंतलेल्या. जागाही मोठी अक्कल लढवून निवडली होती, सकाळचं ऊन थेट पडेल अशी. बस आली, खिडक्यांतून माना निघाल्या, हात हलले आणि मी रेतीतच नाचलो. तेवढ्यात तिला स्टँडवर बसवून देणारा माझा दोस्त सायकलनं पोचला आणि सारस पाहून त्यानं कपाळावर हात मारला. “अबे येड्या, पोरगी तं सावलीच्या बाजूनं बसली! तिले ऊन सोसते काय?” सोसत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? परतली की सगळं सांगू म्हणून मी आठवडाभर वाक्यं जुळवत बसलो. ती साखरपुडा करूनच परतली. मी सांगितलं होतं म्हणून तिनं खाली वाकून पाहिलं असणारच, आणि तिच्या बाजूला नुसतं पाणी होतं. आता धरण तुंबून ती रेतीही बुडाली. तिला त्या खिडकीतून जे दिसलं, तेच मला आता दोन्ही बाजूंनी दिसतं.