गोमाशेठच्या गाडीची चासी

गाडीने झेप घेतली, उजवीकडचा दरवाजा आपोआप उघडला आणि गोमाशेठ बाहेर गेले.

मी ब्रेक मारला आणि मागे पळत गेलो. घोडबंदर रस्त्याच्या कडेला वाळक्या गवतात शेठ मांडी घालून बसले होते. धोतराला कुसळं चिकटली होती, टोपी मात्र जागेवर होती. कुठे लागलं का, असं मी विचारलं. त्यांनी गाडीकडे कौतुकाने पाहिलं.

"जोर हाय गारीत," ते म्हणाले.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी तेव्हा डिप्लोमा करून ठाण्यातल्या एका गॅरेजमध्ये नोकरीला लागलो होतो. गॅरेजचे मालक दामले. गोमाशेठ कळव्यापलीकडच्या एका गावचे मिठागरवाले. युद्ध संपल्यावर कल्याणच्या कॅम्पातलं लष्करी सामान विकायला निघालं, तेव्हा त्यांनी ही अमेरिकन मोटार उचलली होती. आठ सिलिंडरचं इंजिन, डाव्या हाताला स्टिअरिंग, आणि लांबी इतकी की त्यांच्या गावच्या वळणावर ती एका दमात वळत नसे. शेठना चालवता येत नव्हती. ती त्यांच्या अंगणात उभी असे आणि तिच्या टपावर मासळी वाळत असे.

मग एकाएकी तिला पळवायची वेळ आली. शेठची मुलगी कुसुम हिचं लग्न कल्याणच्या बाळारामशेठच्या मुलाशी ठरलं होतं. पोरगा पसंत, पोरगी पसंत, देणंघेणं काही नाही. अडलं एका गोष्टीवर. मांडव कोणाच्या दारात? गोमाशेठ म्हणाले, माझी एकुलती एक पोर, माझ्याच दारात. बाळारामशेठ म्हणाले, आमच्या घराण्यात वरात दुसऱ्याच्या दारात गेलेली नाही. दोन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत सुपारी परत करण्याची भाषा निघाली. तेव्हा एका म्हाताऱ्याने तोडगा काढला. पूर्वी बांधावरून भांडण झालं की बैलांच्या छकड्यांची शर्यत लावत आणि जिंकेल त्याचं ऐकत. आता दोघांकडे मोटारी आहेत. बाळारामशेठनीही त्याच कॅम्पातून एक मोटार उचलली होती, तेव्हा लावा शर्यत.

शर्यत मिठागराच्या बांधावरच्या रस्त्याने व्हायची होती. मीठ वाहून न्यायला केलेला तो रस्ता सरळ आणि रुंद होता, आणि तिकडे पोलीस फिरकत नसत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, रुमाल पडला की सुटायचं, पुढच्या खुणेला पहिला पोचेल तो जिंकला. अमेरिकेत याला ड्रॅग रेसिंग म्हणतात हे मला नातवाने सांगितलं. आम्हाला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. आम्ही ते लग्नाचं काम म्हणून करत होतो.

आता दरवाजा का उघडला ते सांगतो. मोटारीच्या पोटाखाली लोखंडाची एक शिडी असते. दोन लांब बीम आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. तिला इंग्रजीत शॅसी म्हणतात, आमच्याकडे चासी. इंजिन, चाकं, बॉडी, सगळं तिच्यावर बसतं. उभ्या गाडीला एकदम ॲक्सिलरेटर दिला की इंजिन सगळी ताकद एका झटक्यात सोडतं आणि ही शिडी पिळवटते. शिडी पिळवटली की बॉडी पिळवटते, दरवाजाची कडी सुटते आणि गिऱ्हाईक गवतात जातं. जास्तच पिळवटली तर चाकं सरळ रेषा सोडतात आणि गाडीही गवतात जाते.

दामल्यांनी चासी मजबूत करायचं काम मला दिलं. त्या बीमची एक बाजू उघडी असते. काडेपेटीचं आतलं खोकं बाहेर काढून पिळा, सहज पिळलं जातं. तेच पेटीत घालून पिळून बघा. मी तेच करणार होतो. उघड्या बाजूला पोलादी पट्ट्या वेल्ड करून बीम चारी बाजूंनी बंद करायचे आणि मध्ये फुलीच्या आकाराचा एक जोड द्यायचा. वेल्डिंग सलग केलं तर उष्णतेने बीम वाकतो, म्हणून इथे एक टाका, तिथे एक टाका, मग थांबायचं. गोमाशेठ रोज येऊन स्टुलावर बसत आणि मी थांबलो की अस्वस्थ होत. एकदा त्यांनी दामल्यांकडे तक्रार केली की तुमचा इंजिनेर निम्मा वेळ लोखंडाकडे नुसता बघत बसतो. दामले म्हणाले, तो पगार त्या बघण्याचाच घेतो.

शेठची खरी हरकत वजनाला होती. शर्यतीच्या छकड्याला माणूस जेमतेम उभा राहील एवढंच लाकूड ठेवतात. आणि मी लोखंड वाढवत होतो. मी त्यांना समजावलं, की वजन थोडं वाढेल, पण जोर वाया न जाता चाकाला मिळेल. त्यांनी मान हलवली. पटल्याची मान आणि सोडून दिल्याची मान यातला फरक मला तेव्हा कळत नव्हता.

काम संपत आलं तेव्हा एका दुपारी कुसुम आली. सोबत आत्या होती. आत्या दाराशी बसली आणि ही सरळ गाडीखाली वाकून बघायला लागली. काय केलंय ते तिने मला विचारलं, मी काडेपेटी काढून दाखवलं. तिला एका फटक्यात समजलं. तिच्या वडिलांना आठवडाभर समजलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "ती कल्यानची गारी पन अशी करून द्या."

ती समोरच्या पार्टीची गाडी आहे, असं मी सांगितलं. शर्यतीत असं करत नाहीत.

"त्या गारीत ते बसनार हायत," ती म्हणाली. "गारी वाकली तर मांडव कुनाच्या दारात घालनार?"

ते म्हणजे कोण हे विचारायची गरज नव्हती. बाळारामशेठचा मुलगा दत्ताराम गाडी चालवायला शिकला होता आणि वडिलांच्या इज्जतीसाठी तोच बसणार होता. मी दामल्यांकडे गेलो. ते म्हणाले, एका पक्षकाराकडून वकीलपत्र घेतल्यावर दुसऱ्याची बाजू मांडता येत नाही. मी म्हटलं, आपण वकील नाही, गॅरेजवाले आहोत. ते म्हणाले, तत्त्व तेच. शेवटी मी कुसुमला एवढंच सांगितलं, की त्यांना निरोप द्या, सुरुवातीला ॲक्सिलरेटर हळू द्या म्हणावं. निरोप पोचला. त्याने वडिलांना तो सांगितला आणि बाळारामशेठनी तो शत्रूचा डाव ठरवला.

गाडी मी शर्यतीच्या आदल्या दिवशी स्वतः चालवत गोमाशेठच्या अंगणात नेऊन लावली. दरवाजे घट्ट, चासी खणखणीत. झटका दिला तरी शेठ जागचे हलले नाहीत. आणि शर्यतीत गाडी मीच चालवायची असंही ठरलं, कारण गावात दुसऱ्या कोणाला येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर पोचलो तर दोन्ही गावं लोटलेली. भजी तळली जात होती, ताशे वाजत होते. आणि समोरून आमची गाडी आली. तिला बैलांची जोडी जुंपली होती. शर्यतीचे बैल मैदानापर्यंत कधी पळवत नाहीत, हाताने चालवत आणतात. तसं गाडी आधीच दमू नये म्हणून शेठनी तिला बैलांकरवी ओढून आणली होती. बॉनेटवर गुलाल, स्टिअरिंगला झेंडूची माळ. मला वाटलं, चला, एवढ्याने काही बिघडत नाही.

जवळ गेलो. दरवाजे नव्हते. ज्या दरवाजांसाठी मी आठवडाभर खपलो होतो ते चारही काढून टाकलेले. मागची सीट नाही, काचा नाहीत, बंपर नाहीत. माझ्या सीटच्या जागी जेवायचा पाट बांधला होता.

"हलकी केली," शेठ म्हणाले. "तुमी वारवलेला सगला वजन आमी कारला."

पलीकडे बाळारामशेठची गाडी उभी होती. तीही बैलांनीच आणली होती आणि आमच्यापेक्षा उघडी होती. दत्तारामला पाटही नव्हता, तो पोत्यावर बसला होता. त्याने मला नमस्कार केला. चेहरा पांढरा पडला होता. बायकांच्या घोळक्यात कुसुम उभी होती आणि तिचा चेहरा त्याच्याहून पांढरा होता.

त्या म्हाताऱ्याने रुमाल टाकला आणि आम्ही सुटलो.

माझी चासी केसभरही हलली नाही. सगळा जोर थेट चाकाला मिळाला. पाटावर बसून असा वेग मी त्याआधी अनुभवला नव्हता आणि नंतरही नाही. कडेने बघितलं तर दत्तारामची गाडी खेकड्यासारखी तिरकी पळत होती. बिचारी मधून वाकत होती, पण पळत होती. खूण आली. आमची गाडी अख्ख्या गाडीभर पुढे होती. मी जिंकलो आणि ब्रेक दाबला.

पेडल थेट तळाला गेलं. पुन्हा दाबलं. पेडलच्या पलीकडे काहीच नव्हतं. हँडब्रेक ओढला, तो हाताबरोबर वर आला आणि तिथेच राहिला.

प्रत्येक चाकाच्या आत ब्रेकचे दोन शू असतात. ते चाकाला आतून घासतात आणि गाडी थांबते. ते सगळे गोमाशेठच्या पडवीत होते, ही माहिती मला नंतर मिळाली. छकड्याला ब्रेक नसतो. शर्यत संपली की पुढे उभी असलेली पोरं बैलांना धरतात. त्या हिशेबाने शेठनी ते आठ तुकडे वायफळ वजनात धरले होते. आणि मोटार धरण्यासाठी खुणेच्या पुढे पंधरा-वीस धट्टीकट्टी माणसं हात पसरून उभी केली होती.

आम्हाला बघितल्यावर त्या माणसांनी क्षणभर विचार केला. मग सगळी डावी-उजवीकडे खाजणाच्या चिखलात उडाली. मी इंजिन बंद केलं. गाडीला त्याने काही फरक पडला नाही. रस्ता जिथे संपत होता तिथे त्या हंगामातल्या मिठाची रास होती, दुमजली घराएवढी. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा सगळीकडे पांढरं होतं. आपण गेलो, असं मला वाटलं. मग तोंडात खारट चव आली. शेजारी तसाच दुसरा धप्प आवाज झाला. दत्ताराम. बाळारामशेठनीही ब्रेक काढून ठेवले होते. शेवटी दोघे व्याही एकाच परंपरेतले.

आधी मला ओढून काढलं. दामले धावत आले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "चासी वाकली का हो?"

नाही, म्हटलं. त्यांनी माझी पाठ थोपटली.

दत्तारामची गाडी मात्र मधोमध मोडून केळ्यासारखी झाली होती. लोक राशीवर चढून मीठ उपसत होते आणि तो दिसत नव्हता. ताशे थांबले. त्या वेळी मला खरोखर भीती वाटली. वकिलीची तत्त्वं सांगणाऱ्या दामल्यांचा आणि ऐकून घेणाऱ्या स्वतःचा रागही आला. कुसुम कोणालाही न जुमानता राशीवर चढली आणि दोन्ही हातांनी मीठ उकरायला लागली. तिलाच त्याचा हात सापडला. ओढून बाहेर काढला तर अख्खा पांढरा माणूस, सुक्या मासळीसारखा, पण हातपाय शाबूत. मीठ ताजं आणि भुसभुशीत होतं, म्हणून वाचला. ती पदराने त्याचे डोळे पुसत होती आणि रडत त्याला शिव्या देत होती. अजून लग्न झालेलं नव्हतं, पण एकाही म्हातारीने तिला अडवलं नाही.

दोन्ही बाप हे बघत उभे होते. गोमाशेठ जिंकले होते. ते टोपी काढून बाळारामशेठपुढे गेले.

"व्याही, मांडव तुमच्या दारात घाला. मना काय नको."

बाळारामशेठ म्हणाले, असं कसं, तुमची गाडी पहिली आली, मांडव तुमच्याच दारात. गोमाशेठ म्हणाले, माझा हट्ट नडला, आता कल्याणलाच. बाळारामशेठचा आवाज चढला. मला तुमचे उपकार नकोत, म्हणाले. गोमाशेठ म्हणाले, उपकार कसले, मी मान देतोय तर तुम्ही लाथाडता. दोन्हीकडची माणसं पुढे सरकली. दहा मिनिटांत पुन्हा सुपारी परत करण्यापर्यंत आलं. आणि तो रुमालवाला म्हातारा म्हणाला, गोमाशेठची गाडी तर चांगली आहे, दुसरी एक बघा आणि पुन्हा लावा. जो हरेल त्याच्या दारात.

गोमाशेठनी माझ्याकडे बघितलं. "इंजिनेर, गारी निंगल का?"

मी तोंड उघडण्याआधी कुसुम राशीवरून खाली उतरली. केसांत मीठ, हात सोलवटलेले.

"मांडव माझ्या बापाच्या दारात," ती म्हणाली. "आनि यापुढं कोन गारीत बसला तर मी त्या मांडवात उभी रानार नाय."

दोन्ही व्याही एकदम म्हणाले, बरं.

लग्न वैशाखात गोमाशेठच्या दारात झालं. वरात कल्याणहून बैलगाड्यांतून आली. वाटेत दोन्हीकडची पोरं गाडीवानाला पळव पळव म्हणत होती, पण नवऱ्यामुलाने एकदाही बैलाला हात लावू दिला नाही. सकाळचा मुहूर्त दुपारी लागला. मला मानाचं पान वाढलं. भाजीत मीठ कमी होतं, पण मागायची माझी हिंमत झाली नाही.

नंतर मी बरीच वर्षं गाड्यांची कामं केली. गाडी हलकी करून आणली आहे असं गिऱ्हाईक म्हणालं, की मी हसून त्याला चहा देत असे आणि काय काय काढलं ते त्याच्याकडून एकेक करून वदवून घेत असे. ते पूर्ण सांगून होईपर्यंत मी गाडीत बसत नसे.