गाय पांढरा कोळसा का चाटत होती

पास्कलकाकांनी पहारीनं भट्टीतून उचकटून काढलेलं एक ढेकूळ माझ्या हातावर ठेवलं. हिरवट काळं, काचेसारखं चकचकीत, अजून कोमट.

"इंजिनियर ना तू? सांग, हे काय?"

मला माहीत नव्हतं. तसं म्हणायला जीभ वळेना, म्हणून मी म्हणालो, "बघावं लागेल."

"बघ, बघ. तळाला नुसतं चिकटून बसलंय. ट्रे डुगडुगतात. पाव एकीकडे करपतो, दुसरीकडे कच्चा. शिव्या मला पडतात, तुला नाही."

गोष्ट नव्वदीच्या अखेरची. पास्कलकाकांची पापडी गावात बेकरी होती, लाकडावरची. भट्टीच्या आतच जाळ करायचा, तळ तापला की राख बाहेर ओढायची, ओल्या गोणपाटानं तळ पुसायचा आणि ट्रे आत सारायचे. मी एका संस्थेत फील्ड इंजिनियर होतो. जंगलालगतच्या लोकांना गवत, पालापाचोळा, भाताचा तूस यांवर धंदा उभा करून द्यायचा, हे आमचं काम. हा माल बारीक करून प्रेस मशीनमध्ये दाबला की मनगटाएवढ्या जाड कांड्या निघतात. वरून डिंक घालावा लागत नाही. दाबानं माल तापतो आणि त्याचा तोच चिकटतो. बाजारात याला पांढरा कोळसा म्हणतात. असतो तपकिरी.

तुंगारेश्वरच्या पायथ्याला एका वारली पाड्यावर कमळीबाईंच्या गटाला आम्ही मशीन दिलं होतं, तीन महिन्यांच्या ट्रायलवर. एक कायमचं गिऱ्हाईक मिळालं तर मशीन त्यांच्याकडे राहणार, नाहीतर दुसऱ्या गावाला जाणार. मशीन येण्याआधी या बायका लाकडाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन विकायला मैलोन्‌मैल चालायच्या. मशीन गेलं की पुन्हा मोळ्या. आणि गिऱ्हाईक म्हणजे लाकडाऐवजी कांड्या जाळून बघणारे हेच पास्कलकाका.

माणिकपूरच्या ऑफिसात आमच्या मॅनेजरांनी ढेकूळ टेबलावर फिरवून पाहिलं.

"रिपोर्ट लिहून टाक. गटाला क्वालिटी जमत नाही. मशीन शिफ्ट करू."

"सर, पहिल्या महिन्याचा माल एकदम चांगला होता."

"मग आता काय झालं?"

"तेच शोधतोय."

"शुक्रवारपर्यंत शोध."

मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. वडिलांचे पाय मिठागरात भेगाळले, मी बीई मेकॅनिकल झालो. याचा मला अभिमान होता, अजून आहे. त्यामुळे शोधही मी पुस्तकी पद्धतीनं घेतला. मीटरनं ओलावा मोजला, ठीक होता. पाल्याबरोबर माती येत असेल म्हणून माल चाळला, माती नव्हती. सॅम्पल म्हणून पहिल्या महिन्याच्या दोन कांड्या कपाटात होत्या. त्या आणि नव्या कांड्या लोहाराच्या भात्यापुढे जाळल्या. जुनीची राख फुंकरीनं उडाली. नवीचा जाळ नको इतका पिवळा, आणि राखेत ज्वारीएवढे काचेचे मणी.

मशीन तेच, बायका त्याच. मग बदललं काय?

गुरुवारी पाड्यावर गेलो. कमळीबाई मशीनपाशीच होत्या. वारल्यांकडे लहानथोर सगळ्यांना 'तू'च. मला ते आवडायचं.

"सायब, तू मशीन न्यायला आला का?"

"नाही. कारण शोधायला आलोय."

"गावला का?"

"नाही."

"मग येवढा शिकून काय केला?" बायका हसल्या. मीही हसलो, पण लागलं.

तेवढ्यात शेडच्या दाराशी खरखर आवाज आला. कमळीबाईंची तांबडी गाय पांढऱ्या कोळशाचं पोतं चाटत होती. हाकललं तरी परत आली. एका बाजूची पोती ओली करून ठेवली होती तिनं.

"ही रोज असंच करते?"

"रोज. वेडी हाय."

गाय वेडी नसते. मी एक कांडी उचलली आणि जीभ लावली. बायकांनी तोंडाला पदर लावले. कांडी खारट होती.

"कमळीबाई, यात मीठ कुणी टाकलं?"

"कांडीत कोण टाकील? गवतात टाकला. गंजी रचताना थरावर थर मीठ टाकायचा, नाय तर गवत कुजतो. बिनमिठाची गंजी कोण रचतो?"

कोणीच नाही. पहिल्या महिन्यात गवत उतारावरून कापून, वाळवून थेट मशीनमध्ये गेलं होतं. मग कापणी संपली आणि गंजीतलं गवत सुरू झालं. गंजी जनावरांसाठी रचतात तशीच नीट, मीठ घालून रचलेली. गवतात आणि तुसात वाळूसारखा पदार्थ असतोच. त्याला मीठ मिळालं की राख जाळात वितळते आणि थंड होताना काच होते. जाळ पिवळा होतो तोही मिठानंच. हा प्रयोग मी कॉलेजात केला होता, त्यात चांगले मार्कही होते.

आमच्या घरी माझी आईही अशीच गंजी रचायची. मिठाची टोपली माझ्याच डोक्यावर असायची.

खाऱ्या गंज्या त्यांनी गुरांसाठी ठेवल्या. बिनमिठाचं गवत राहिलं होतं ते उतारावरच्या उरल्यासुरल्या पट्ट्यांत, उभं वाळलेलं; ते संपलं की तूस आणि पालापाचोळ्यावर भागवायचं ठरलं. दोन दिवस सगळा गट कापणीला. मॅनेजरांकडून मी सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

सोमवारी दुपारच्या भट्टीला मी आणि कमळीबाई पोती घेऊन पापडीला गेलो. आधी दोघांनी छिन्नीनं तळ खरवडला. मग जाळ. राख ओढायची वेळ आली तेव्हा पास्कलकाकांनी फावडं माझ्याकडे न देता कमळीबाईंच्या हातात दिलं. राख मुकाट्यानं बाहेर आली. खाली तळ स्वच्छ.

काकांनी वाकून पाहिलं. "पुढच्या आठवड्यापासून रोज पाठवशील?"

"पाठवीन," कमळीबाई म्हणाल्या. "पन त्यात मीठ मागू नको."

मशीन पाड्यावरच राहिलं. रिपोर्टात 'कारण' या रकान्यात मी 'मीठ' लिहिलं होतं. मॅनेजरांनी ते खोडून 'फीडस्टॉक कंटॅमिनेशन', म्हणजे कच्च्या मालात भेसळ, असं केलं. घरी आईला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "मना इचारला असता तर पहिल्याच दिवशी सांगितला असता."

तेव्हापासून नव्या गटाला काही शिकवण्याआधी, ते माल साठवतात कसा, हे मी विचारून घेतो. आणि शेडजवळ गाय असली तर ती काय करते तेही बघतो.