तेंदूच्या पानावरची अळी

फोन कानाशी धर, पोरी, अन् नीट ऐक. चंद्रपूरच्या कॉलेजात तू पोराईले फुलपाखरं शिकवते, पण मावशीनं अळीचा फोटो धाडला की एका ओळीत मोकळी होते. "अळीवरून सांगता येत नाही, मावशी, पुरावा पाहिजे." ती अळी कुठं, कशी सापडली, हे तरी विचारायचं.

बिडीच्या तेंदूपत्त्याच्या हंगामात आम्ही बाया पहाटेच अहेरीकडच्या जंगलात पानं तोडाले जातो. खाल्लेलं पान पुडक्यात चालत नाई, ते फेकून द्यायचं. असंच एक पान फेकाले गेली, तर त्यावर हिरवी अळी, चपटी झोपलेली. दोन्ही अंगांनी पिसासारखे काटे पसरलेले, पानातच मिसळलेली. इतकी वर्षं पानं तोडली, अशा किती फेकल्या असतीन!

त्या झुडपांत एक नारिंगी, काळ्या पट्ट्यांचं फुलपाखरू नेहमी जमिनीलगत भिरभिरते. हे लेकरू त्याचंच, असं मले वाटे. मले ते डोळ्यांनी पाहायचं होतं.

झुडपाची पानं कोणी तोडू नये म्हणून मी लुगड्याची लाल चिंधी त्याले बांधली. दुसऱ्या दिवशी पाहते तर बुडाशी हळदकुंकू, फोडलेला नारळ, अन् माझी जाऊ उदबत्ती लावून राह्यली.

"काऊन वं, हे काय?"

"देव बसला इथी. चिंधी दिसत नाई का तुले?"

"मीच बांधली. अळीसाठी."

"अळीले लुगडं? मले तर दिवाळीलेही कोणी विचारत नाई."

"उदबत्ती विझव आधी. धुरानं मरन ते."

तिनं उदबत्ती मातीत खुपसली अन् हळूच म्हणाली, "बाकी बायाईले सांगू नको. देवाचं म्हणून तरी हात लावणार नाईत."

खरंच कोणी लावला नाई. अळीचा कोष झाला, पानाखाली उलटा टांगलेला, हिरवागार. रोज पानं तोडाच्या आधी मी तिथी. एका सकाळी कोषातून नारिंगी रंग दिसाले लागला. मी फोन काढून बसली. कवच फाटलं, ओले, चुरगळलेले पंख बाहेर आले अन् हळूहळू असे पसरले, जसं कोणी आतून हात फिरवून सरळ करून राह्यलं. नारिंगी, काळे पट्टे. तेच. जाऊनं हात जोडले. मी पाहतच राह्यली. ते उडालं तेव्हा ध्यानात आलं, फोन हातातच होता, बटण दाबलंच नाई.

जाऊ म्हणते, "आपण दोघींनी पाहिलं ना, झालं." पण तुमच्या फुलपाखरांच्या यादीत आमचे डोळे चालत नाईत, फोटोच लागते, हे मले समजते. अन् त्या फुलपाखराचं नाव यादीत आमच्या जंगलाच्या नावापुढं लागलं पाहिजे, असं मनात आहे.

त्याच झुडपावर कालपासून अजून दोन कोष आहेत. आठवडाभर तरी टांगून राहतीन. या रविवारी कॅमेरा घेऊन अहेरीची पहिली बस धर, बाई. मी थांब्यावर उभी राहीन.