चाळीस पाहुणे आणि दहा पुरुष

ज्यू प्रवाशांची बस बुखाऱ्यात येणार असली की ताश्कंदच्या सहल कचेरीतली दिलनोझा हॉटेलच्या आधी बुलोर-आपाला फोन करते. खोल्या कुठेही मिळतात. आमच्या ज्यू धर्माला चालणारं, कोशेर जेवण चाळीस माणसांना मात्र आमच्या गल्लीतल्या एकाच घरी मिळतं.

आपाचा तो फोन ऐकण्यासारखा असतो. कोणत्या कसायाच्या हातचं मांस चालतं, मासा मांसाच्या आधी वेगळ्या ताटात देऊ ना, अंडी त्यांच्यासमोर फोडून दाखवायची का, कोणी आजारी आहे का, कोणाला दात नाहीत का, सगळं ती विचारून घेते. मग दोन दिवस अंगणात कोथिंबिरीचे ढीग पडतात. आपा एकेक पान उन्हात धरून किडा शोधते. शेजारची मोहिरा गाजरं आणि कांदे चिरते. ती मुसलमान. तिने चिरलेलं सगळं चालतं, पण चूल आपानेच पेटवायची आणि हंडाही आपानेच वर चढवायचा. मोहिरा म्हणते, "माझ्या घरी मी स्वयंपाक करते, इथे नुसती रडते." आणि पुढचा कांदा घेते.

आपाचा नवरा रफोइल हा गल्लीचा न्हावी. माझी पहिली दाढी त्यानेच केली, दाढी नव्हती तेव्हा. तो वारल्यापासून आपाचा मुलगा अव्नेर न्यूयॉर्कहून, क्वीन्समधून, दर आठवड्याला एकच गोष्ट सांगतो: आई, इकडे ये. आपा दर आठवड्याला एकच उत्तर देते: तुझा बाप इथे आहे.

आमच्यात मेलेल्या माणसासाठी कदीश ही प्रार्थना म्हणतात, आणि त्याला दहा ज्यू पुरुष लागतात. नऊ असले तर दहावा येईपर्यंत बसून राहायचं, किंवा उठून घरी जायचं. गल्लीत आता आम्ही सहा उरलोत. वसंतातल्या सणाला अव्नेरने तेच पकडलं. ज्या वर्षी बाबांच्या पुण्यतिथीला तिथे दहा जमणार नाहीत, त्या वर्षी तू हट्ट सोडायचास. आपा पटकन हो म्हणाली. पुण्यतिथी शरदात येते, डाळिंबांच्या दिवसांत, आणि तेव्हा बसमागून बस येते. तिने दिलनोझाकडून बरोबर त्या दिवसाचे चाळीस पाहुणे मागून घेतले.

सगळं विचारलं, फक्त पुरुष किती ते विचारलं नाही. आमच्या प्रार्थनाघराची, सिनेगॉगची किल्ली सांभाळणारे अरोन-अको तिला दोनदा म्हणाले होते, विचारून घे. ती म्हणाली, "पाहुण्यात पुरुष किती हे विचारायचं म्हणजे ताट वाढायच्या आधी त्याचा मोबदला मागायचा. मला नाही जमायचं." आणि चाळिसांत चार पुरुष नसतील, असं आमच्यापैकी कोणाच्याही मनात आलं नाही.

बस उशिरा आली. आम्ही सहाजण स्वच्छ सदरे घालून दारात उभे. पहिली बाई उतरली, दुसरी उतरली, दहावी उतरली. इस्रायलमधल्या हैफाच्या निवृत्त परिचारिका, एकजात सगळ्या. शेवटी ड्रायव्हर शव्कत उतरला, तोही मुसलमान, आणि आमचे चेहरे बघून त्याने विचारलं, काय झालं. अरोन-अकोंनी सांगितलं.

"मग मी चालेन का?" शव्कत म्हणाला.

"जेवायला चालशील," आपा म्हणाली. "हात धू."

एवढंच. तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मासा वाढला, त्यावर लसणीचं पाणी घातलं, मग ताटं बदलून कोथिंबिरीचा हिरवा भात. कोणाची वाटी रिकामी होऊ दिली नाही. पण भाताचं शेवटचं ताट भरताना झारा तिच्या हातातून दोनदा निसटला, आणि मोहिराने तो उचलून धुतला.

पाहुण्यांची पुढारी गेउला नावाची धिप्पाड बाई होती. तिची आई समरकंदची, त्यामुळे तिला आमची बोली येत होती. कोपऱ्यात दिवा जळतोय, ताटात फळं मांडलीत आणि सहा पुरुष घास न घेता बसलेत, हे तिने पाहिलं. "आज कोणाचं आहे?" तिने विचारलं. आपा म्हणाली, "नवऱ्याचं. तुम्ही जेवा." गेउला जेवली नाही. तिने अरोन-अकोंकडून सगळं काढून घेतलं, क्वीन्सच्या पैजेसकट.

मग तिने एक डाळिंब उचललं आणि मोठ्याने फळ खाण्याआधीचा आशीर्वाद म्हटला, रफोइलच्या नावाने. आमच्याकडे पुण्यतिथीच्या जेवणात हे करतातच, प्रत्येक आशीर्वाद मेलेल्याच्या खात्यावर जातो. बाकीच्या म्हणाल्या, आमेन. दुसरीने काकडी घेतली. तिसरीने रैहानच्या सुवासिक पाल्याची जुडी हुंगून सुगंधाचा आशीर्वाद म्हटला. दर वेळी सगळ्या मिळून आमेन म्हणत, वॉर्डात हाक मारायची सवय असलेल्या गळ्यांनी. आपा डोक्याचा रुमाल तोंडावर धरून उभी होती.

पण कदीश ते कदीश. आपा खोटं बोलणाऱ्यातली नाही. तिने मला अव्नेरला फोन लावायला सांगितलं. तिकडे सकाळ होती, तो सिनेगॉगमध्येच होता.

"बाळा," ती म्हणाली, "दहा नाही झाले. सगळ्या बायका आल्या. माझं तिकीट काढून टाक."

तेवढ्यात आमच्या मागून पुन्हा आमेन झालं, कोणीतरी द्राक्ष उचललं असावं.

"आई, ते काय आहे?"

"तुझ्या बाबांचं चाललंय."

"फोन ठेवू नकोस," अव्नेर म्हणाला. "मोठ्याने लाव."

मी आवाज वाढवला आणि फोन ब्रेडच्या टोपलीला टेकवून ठेवला. तिकडे त्याच्याभोवती दहा होतेच. अव्नेरने कदीश सुरू केलं, घाईघाईत, तिकडे सगळ्यांना कामाला पळायचं असतं तसं. पहिलं आमेन आलं तेव्हा तिकडची दहा माणसं कुठे ऐकूच आली नाहीत. अंगण दणाणलं. अव्नेर थांबला. पुढचं वाक्य त्याने सावकाश म्हटलं, त्याच्या पुढचं आणखी सावकाश. शव्कतनेही आमेन म्हटलं, त्याला कोणी अडवलं नाही.

"दहा तिथे जमायचे ठरले होते," कदीश संपल्यावर अव्नेर म्हणाला.

"हो. नाही जमले. मी म्हटलं ना, काढ तिकीट."

"इथे बाबांना कोणी ओळखत नाही, आई. मी नाव सांगतो, लोक घड्याळ बघतात. तुझ्याकडे आत्ता किती जणी आहेत?"

"चाळीस. आणि कोणालाच अजून चहा मिळालेला नाही."

"मग चहा दे," तो म्हणाला. "तिकीट मीच काढतो. माझं. पुढच्या वर्षी तिथे सातवा मी असेन."

आपाने फोन उचलून माझ्या हातात दिला, रुमाल डोक्यावर नीट बांधला आणि मोहिराला बाजूला सारून चहासाठी चुलीखाली स्वतः काडी ओढली.