दिवसातली दुसरी दाढी

त्या घरात सात जण राहत आणि सातही जण दारू सोडलेले. घरावर कुणी साहेब नव्हता. भाडं वाटून भरायचं, स्वयंपाक पाळीनं करायचा आणि बाटली आणली तर त्याच दिवशी चंबूगबाळं उचलायचं, एवढेच नियम. बाकी जी रीत पडली ती कारागिरामुळे.

कारागीर म्हणजे सलूनमधला. दारूच्या दिवसांत त्याच्या हातून एका गिऱ्हाइकाचा कान कापला गेला आणि थोरल्या भावानं त्याला दुकानातून काढलं. दुकान बापाचं, म्हणजे दोघांचंही. पण दादाला तरी काय बोल लावणार? रक्त पुसायला तोच होता. या घरात आल्यावर हात वळावा म्हणून कारागीर घरातल्यांच्या दाढ्या करू लागला. सुरुवातीला लोक जीव मुठीत धरून बसत.

एका दुपारी घरातलाच एक प्लंबर खुर्चीत येऊन बसला. त्याची दाढी सकाळीच झाली होती. "पुन्हा कर," म्हणाला. कारागीर समजला. गळ्याला वस्तरा लागलेला माणूस उठून गुत्त्यावर जाऊ शकत नाही. बोलू तेवढा शकतो. प्लंबर मनातलं सगळं बोलला आणि तोंड धुवेपर्यंत तलफेचा जोर ओसरला. तेव्हापासून ज्याच्या घशाला तसली कोरड पडे, तो दाढीला बसे. दिवसात दुसऱ्यांदा गुळगुळीत झालेला माणूस दिसला की कुणी चौकश्या करत नसे, फक्त त्याला एकटं सोडत नसत. गल्लीतल्यांना मात्र वाटे, काय टापटिपीची मंडळी आहेत!

अशी काही वर्षं गेली. कारागिराचा हात बसला. मग दादाचा निरोप आला : सोमवारी ये, तुझ्या खुर्चीचं बघू. कारागिराला जन्मात दुसरं काही नको होतं.

आणि नेमकी सोमवारीच सकाळी त्याला तलफ आली. दुःखाची तलफ ओळखीची असते, ही आनंदाची मेली दबा धरून बसलेली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तो स्वतःच खुर्चीत जाऊन बसला, पण दाढी करणार कोण? स्वतः करावी तर हात कापत होता. शेवटी प्लंबरनं कणकेचे हात धुतले आणि वस्तरा उचलला. पाइपाला आटे पाडणारा हात तो. डाव्या गालावर तीन ठिकाणी रक्त आलं. उजव्या गालाकडे वळला तसे कारागिरानं हात जोडले.

"आज जाऊ नकोस," प्लंबर म्हणाला.

"आज नाही गेलो तर गुत्त्यावर जाईन."

मग प्लंबरही बरोबर निघाला.

दादानं धाकट्याचं तोंड बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "पुन्हा सुरू केलीस?"

"नाही, दादा."

"ती दाढी मी केलीय," प्लंबर बाकावरून म्हणाला.

दादानं त्याच्या हातांकडे पाहिलं, मग भावाच्या गालाकडे. "पाइप समजून?" तो हसला आणि खुर्ची झटकली. "बस, नीट करून देतो. मग कामाचं बोलू."

इथं गप्प बसलं असतं तर गंगेत घोडं न्हालं असतं. पण वस्तऱ्याखाली खोटं बोलायची किंवा गप्प राहायची सवय कारागिराला उरली नव्हती. उजव्या गालावर फेस चढला आणि तो बोलून गेला, "सकाळी तलफ आली होती. फार आली होती. आमच्या घरात ती ओसरेपर्यंत दाढीला बसतात, म्हणून यानं केली. हात अजून कापतोय."

वस्तरा थांबला. दुधानं तोंड पोळलेला माणूस तो, ताकही फुंकूनच पिणार. दादानं उरलेली दाढी पुरी केली, कापलेल्या जागी तुरटी फिरवली आणि टॉवेल काढला.

"खुर्ची आज देत नाही."

कारागिराच्या डोळ्यांत पाणी आलं. वाईट वाटलंच, पण त्यानं मान हलवली. "बरोबर आहे तुझं."

"माझं बोलणं संपू दे." दादा वस्तरा पुसत होता आणि पुसून झाला तरी पुसतच होता. "अशी आली की इथं यायचं. चारदा आली तर चारदा ये. खुर्चीत गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी उठवीन मी त्याला."